‘वेळ म्हणजे पैसा’ : पण कोणाचा वेळ आणि कोणाचा पैसा?



विद्वानांच्या मालिकेत आमच्यासारख्या कामगार चळवळीतल्या माणसाला चालकांनी बोलावले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता, एका म्हणीमागे लागलेला माणूस काय काय वाचीत गेला एवढेच आपण ऐकावे, ही विनंती.

म्हण इंग्रजी आहे, पण आता ती इतकी आपली झाली आहे की शाळेच्या फळ्यावरही दिसते. ‘वेळ म्हणजे पैसा.’ आमची तिची पहिली गाठ पडली ती मात्र फळ्यावर नव्हे, कारखान्याच्या फाटकाशी. अठराव्या वर्षी आम्ही एका कारखान्यात कामाला लागलो. फाटकाच्या आत हजेरीचे घड्याळ होते. त्यात कार्ड सरकवले की खट्कन वेळेचा शिक्का उमटे. त्या घड्याळाच्या वर, भिंतीवर, तांबड्या रंगात हे तीन शब्द लिहिलेले होते. सकाळी तीन मिनिटे उशीर झाला की अर्ध्या तासाची मजुरी कापली जाई. संध्याकाळी भोंगा झाल्यावर यंत्र पुसून, तेलपाणी करून दुसऱ्या पाळीच्या हवाली करण्यात पंधरा मिनिटे जात, त्याचे मात्र काहीच मिळत नसे. एकदा धीर करून आम्ही विचारले, “साहेब, सकाळची तीन मिनिटे पैसा आहेत, तर संध्याकाळची पंधरा मिनिटे काय आहेत?” साहेब म्हणाले, “ती शिस्त आहे.”

या उत्तराने आमचे समाधान झाले नाही. पुढे त्या प्रश्नानेच आम्हाला युनियनमध्ये नेले आणि वाचनालयातही नेले. त्या वाचनाचा सारांश आज सांगावयाचा आहे.

प्रथम आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. ‘ती वेळ’ येते, टळते, साधावी लागते. ‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे आपण म्हणतो, तेव्हा ती वेळ स्त्रीलिंगी असते आणि ती कोणाच्या हातची नसते. ‘तो वेळ’ मात्र जातो, घालवता येतो, वाचवता येतो. पैशाशी सोयरीक झाली ती या दुसऱ्या, पुल्लिंगी वेळाची. संस्कृतात एक जुने सुभाषित आहे, त्याचा भाव असा की धन कणाकणाने जमवावे आणि विद्या क्षणाक्षणाने. म्हणजे क्षणाची जोड तिथे विद्येशी होती, पैशाची जोड कणाशी होती. क्षण आणि पैसा यांचा सरळ सौदा आपल्या परंपरेने मांडलेला नव्हता. तो सौदा कुठे ठरला, हे पाहण्यासाठी विलायतेला आणि अमेरिकेला जावे लागते.

ही म्हण बेंजामिन फ्रँकलिन यांची, असे सर्वत्र सांगतात. ते अगदीच चूक नाही, पण तिचा छापील उल्लेख त्यांच्याही आधी सापडतो. १७१९ साली लंडनच्या ‘फ्री-थिंकर’ या पत्रात एका चांभाराची हकिकत आली होती. कारागीर उत्तम, पण मिनिटे कशी जातात याचे भान नाही. मद्यालयात मित्रमंडळीत रमणारा. त्याची बायको त्याला परोपरीने समजावते की वेळ म्हणजे पैसा. नवऱ्याला ते पटत नाही. या बाईचे बोलणे खोटे नव्हते. नवरा स्वतःच्या ठोकणीचा धनी होता. जोडा शिवला तर पैसे, न शिवला तर घरात उपास. तिचा स्वतःचा वेळ मात्र त्या हिशेबात कोणी धरलेला दिसत नाही. घरातल्या बाईच्या वेळाला तेव्हा मोल नव्हते, आणि आजही फारसे आलेले नाही.

मग १७४८ साली फ्रँकलिन यांनी एका तरुण धंदेवाल्याला उद्देशून उपदेशाचे छोटे पत्र लिहिले. त्यात ही म्हण ठळकपणे आली आणि जगभर गेली. त्यांचा हिशेब साधा होता. जो माणूस दिवसाला दहा शिलिंग मिळवू शकतो, तो अर्धा दिवस हिंडण्यात घालवून सहा पेन्स खर्च करील, तर त्याने खर्च सहा पेन्सच झाला असे समजू नये; न मिळवलेले पाच शिलिंगही त्याने उधळलेच. पुढे ते सांगतात की पहाटे पाचला किंवा रात्री नऊला तुझ्या हातोड्याचा आवाज सावकाराच्या कानी पडला, तर तो आणखी सहा महिने स्वस्थ बसेल. व्यवहार म्हणून उपदेश बिनतोड आहे. पण हा उपदेश कोणाला आहे? ज्याचा हातोडा, ज्याचे दुकान आणि ज्याचा दिवस त्याच्या स्वतःच्या मालकीचा आहे, त्याला. वाचवलेल्या वेळाचा पैसा ज्याच्या खिशात येणार, त्यालाच ही म्हण सांगितली गेली होती. ही गोष्ट आपण गाठीला बांधून ठेवू.

फ्रँकलिन यांच्या चरित्रातच या म्हणीची दुसरी बाजूही आहे. १७०६ साली बोस्टनमध्ये मेणबत्त्या आणि साबण करणाऱ्याच्या घरी ते जन्मले. बाराव्या वर्षी थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवार म्हणून त्यांना कराराने बांधण्यात आले. करार एकविसाव्या वर्षापर्यंतचा होता. म्हणजे ती सारी वर्षे कायद्याने भावाची. १७२३ साली सतरा वर्षांचे फ्रँकलिन तिथून पळाले आणि फिलाडेल्फियाला आले. तिथल्या छापखान्यात त्यांना एक ऑक्सफर्डचा विद्यार्थी भेटला. दैवाच्या फेऱ्यात सापडून तो अमेरिकेत आला होता आणि त्याचा चार वर्षांचा ‘वेळ’ छापखान्याच्या मालकाने विकत घेतलेला होता. शब्द फ्रँकलिन यांच्या आत्मचरित्रात असाच आहे. माणसाला विकत घेतले असे म्हणत नसत, त्याचा वेळ विकत घेतला असे म्हणत. आणि ज्यांना सरळ माणूस म्हणूनच विकत घेत, त्या निग्रो गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती फ्रँकलिन यांच्याच वृत्तपत्रात छापून येत. त्यांच्या घरीही गुलाम होते. उतारवयात त्यांचे मत पालटले आणि १७८७ साली ते पेनसिल्व्हेनियातील गुलामगिरीविरोधी संस्थेचे अध्यक्ष झाले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार बोलकी वाटते. ज्या १७४८ साली त्यांनी ‘वेळ म्हणजे पैसा’ असे लिहिले, त्याच वर्षी वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ते छापखान्याच्या रोजच्या कामातून निवृत्त झाले. डेव्हिड हॉल या भागीदाराने छापखाना चालवावा आणि नफ्याचा निम्मा वाटा फ्रँकलिन यांना द्यावा, असा अठरा वर्षांचा करार झाला. कशासाठी? तर विजेचे प्रयोग करण्यास आणि वाचनास वेळ मिळावा म्हणून. तरुणाला वेळाचा पैसा करण्यास सांगणारा हा शहाणा पुरुष स्वतः पैशाचा वेळ करीत होता. आम्ही त्यांना दोष देत नाही. उलट, फुरसतीची खरी किंमत त्यांना कळली होती, असेच आम्ही म्हणू.

आता इंग्लंडमध्ये याच काळात काय चालले होते ते पाहू. गिरण्या येण्यापूर्वीचा विणकर किंवा सुतार घड्याळावर काम करीत नसे. काम आले की रात्र जागवी, नसले की स्वस्थ बसे. रविवारच्या सुटीला सोमवार जोडून घेण्याची तर इतकी सर्रास चाल होती की त्या दिवसाला थट्टेने ‘संत सोमवार’ म्हणत. पंचांगात नसलेला हा संत कारागिरांना इतर संतांहून प्रिय होता. मालकांना ही चाल मोडावयाची होती. इसवी सन १७०० च्या सुमारास ईशान्य इंग्लंडातील क्राउली यांच्या लोखंडाच्या कारखान्याने नियमांची एक जाडजूड वहीच केली. कामगाराच्या हजेरीतून मद्यालय, कॉफीगृह, न्याहारी, जेवण, खेळ, झोप, विडी ओढणे, गाणे, बातम्या वाचणे, भांडण आणि वाद यांचा वेळ वजा करून निव्वळ काम मोजावयाचे. आणि कारखान्यातले घड्याळ एकाच माणसाच्या ताब्यात, कुलपात. दुसरे कोणतेही घड्याळ प्रमाण नाही. पुढे जोसाया वेजवुड यांनी मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात घंटा आणि कामगार केव्हा आला याच्या नोंदीची पद्धत घातली. आमच्या फाटकावरच्या घड्याळाचे ते पूर्वज.

म्हण तीच राहिली, पण बोलणारा बदलला. पूर्वी बायको नवऱ्याला आणि अनुभवी धंदेवाला तरुण धंदेवाल्याला सांगत होता. आता मालक मजुराला सांगू लागला. मजुराचा दिवस त्याने विकत घेतला होता. त्यामुळे वाया गेलेले प्रत्येक मिनिट हा मालकाचा तोटा झाला आणि चोरून मिळवलेले प्रत्येक मिनिट हा मालकाचा नफा.

चोरून हा शब्द आम्ही रागाने वापरीत नाही. स्कॉटलंडमधील डंडी शहरच्या गिरणीत लहानपण गेलेल्या एका मुलाची हकिकत १८५० साली प्रसिद्ध झाली. त्या गिरणीत घड्याळ सकाळी पुढे आणि रात्री मागे करीत. कामगार जवळ घड्याळ बाळगण्यास भीत, कारण वेळ कळणाऱ्या माणसाला कामावरून काढण्याची वहिवाट होती. ब्रिटिश सरकारने १८३३ च्या कायद्याने फॅक्टरी इन्स्पेक्टर नेमले. त्यांचे अहवाल आम्ही कादंबरीपेक्षा अधिक उत्कंठेने वाचले आहेत. मालक काम सुरू होण्याआधी पाच मिनिटे, जेवणाच्या सुटीतून दोन्हीकडची थोडी, संध्याकाळी आणखी काही, अशी मिनिटे कुरतडतात, असे ते लिहितात. एका प्रतिष्ठित गिरणीवाल्याने तर इन्स्पेक्टरला मोकळेपणी सांगितले की दिवसाला दहाच मिनिटे जादा काम घेऊ द्याल, तर माझ्या खिशात वर्षाला हजार पौंड पडतील. आमच्या साहेबांनी ‘शिस्त’ म्हणून सांगितलेल्या पंधरा मिनिटांचा अर्थ आम्हाला या ओळींनी कळला.

यावर उपाय काय निघाला? १८४४ च्या कायद्यात एक छोटे कलम घातले गेले : गिरणीची वेळ सार्वजनिक घड्याळावरून ठरवावी. वाचताना ते क्षुल्लक वाटते. पण मालकाच्या कुलपातले घड्याळ बाहेर चौकात आले, ही आमच्या मते मोठी क्रांती होती. वेळ मोजण्याचा अधिकार एकाच पक्षाकडे असू नये, हे तत्त्व त्यात मान्य झाले. १८४७ साली कापड गिरण्यांतील स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी दहा तासांचा कायदा झाला.

इतिहासकार ई. पी. टॉमसन यांनी १९६७ साली या विषयावर एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा की कामगारांच्या पहिल्या पिढीला मालकांनी वेळाचे महत्त्व शिकवले, दुसऱ्या पिढीने काम कमी तासांचे करण्यासाठी समित्या काढल्या आणि तिसऱ्या पिढीने जादा कामाला दीडपट मजुरी मागितली. धडा कामगार इतका चांगला शिकले की त्यांनी तो शिकवणाऱ्याच्याच पुढे ठेवला. वेळ जर पैसा असेल, तर आमच्या वेळाचा पैसा आम्हाला द्या!

हे घड्याळ लँकेशायरच्या यंत्रांबरोबर आपल्याकडे आले. कावसजी दावर यांची मुंबईतील पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन होऊन १८५६ मध्ये सुरू झाली. गिरणीचा दिवस सूर्याने ठरे, उगवल्यापासून मावळेपर्यंत. म्हणजे उन्हाळ्यात दिवस मोठा आणि कामही मोठे. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढांच्या तासांबद्दल त्यात चकार शब्द नव्हता. या कायद्यामागे लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा स्वार्थही होता, कारण मुंबईचे स्वस्त सूत त्यांना जाचू लागले होते.

या ठिकाणी नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आदराने घेतले पाहिजे. महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ साली त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे नेला. मागण्या पाहा : रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, अपघात झाल्यास भरपाई. या पाच मागण्यांत मजुरी वाढवा अशी एकही मागणी नाही. पहिल्या तीन वेळाच्या आहेत, आणि चौथीही मिळालेला पैसा वेळेवर द्या एवढीच आहे. त्या काळी आठवड्याची सुटी नव्हतीच. रविवारीसुद्धा यंत्रे पुसण्यास कामगारांना बोलावीत. हे वाचले तेव्हा आम्हाला आमचे यंत्र पुसण्याचे फडके आठवले. शंभर वर्षांत फडके काही बदलले नव्हते! २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. दोन कामगार स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. जून १८९० मध्ये गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटीला जागा मिळाली. आज आपण रविवार हा निसर्गनियम असल्यासारखा उपभोगतो. तो निसर्गाने दिलेला नाही, मागून आणि भांडून मिळालेला आहे.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही गेली. १९०५ च्या सुमारास मुंबईत चौदा तासांहून अधिक काम चाले. त्याच सुमारास, १९०६ च्या आरंभी, भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटे पुढे. दिव्याखाली वाचणाऱ्याला हा आकड्याचा प्रश्न. पहाटे अंधारात चाळीतून निघणाऱ्याला मात्र ती झोपेतून काढून घेतलेली ३९ मिनिटे होती. जानेवारीत हजारो गिरणी कामगारांनी काम बंद करून गिरण्यांवर दगडफेक केली आणि शहरातल्या पांढरपेशांनीही निषेधाच्या अर्जांवर सह्या केल्या. दगडफेकीचे आम्ही समर्थन करीत नाही. पण त्या दगडामागचा प्रश्न अडाणी नव्हता. घड्याळ फिरवण्यापूर्वी आम्हाला विचारले का, एवढाच तो प्रश्न होता.

त्यानंतरचा इतिहास आकड्यांतच सांगतो. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांना दिवसाला १२ तासांची मर्यादा आली. १९२२ मध्ये ११ तास आणि आठवड्याला ६०. १९३४ मध्ये १० तास आणि ५४. १९४६ मध्ये ९ तास आणि ४८. बारावरून नवावर येण्यास पस्तीस वर्षे लागली. त्या प्रत्येक तासामागे संप, उपासमार आणि तुरुंग आहे.

आता कोणी म्हणेल, हा सारा मागचा इतिहास झाला. तसे नाही. हल्ली फोनवरून मागणी घेऊन काही मिनिटांत घरी सामान पोचवणारी मुले आपण रोज पाहतो. त्यांच्यापैकी काही संध्याकाळी आमच्या कचेरीत येऊन बसतात. फेरी केली तर पैसे. दोन फेऱ्यांच्या मध्ये रस्त्याकडेला, उन्हात, गाडीवर बसून घालवलेल्या तासाचे पैसे बहुतेकांना नाहीत. गिऱ्हाइकाची दहा मिनिटे पैसा आहेत. त्या मुलाचा तास कोणाच्याच वहीत नाही. त्याचे घड्याळ त्याच्याच खिशात आहे, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती आहे. क्राउलींच्या कारखान्यातले कुलूपबंद घड्याळ ते हेच.

तेव्हा या म्हणीचा उपयोग कसा करावा? आमचे मत स्पष्ट आहे. स्वतःला सांगावयाची असेल तर म्हण उत्तम आहे. आळसाने माणूस दरिद्री होतो यात वाद नाही, आणि आमच्या युनियनच्या सभा उशिरा सुरू होतात याची आम्हाला लाज वाटते. परंतु दुसऱ्याला सांगावयाची असेल, तर दोन अटी पाळाव्यात. पहिली, वेळ दोघांनाही दिसेल अशा घड्याळावर मोजावा. दुसरी, ज्याचा वेळ त्याला पैसा. या अटी नसतील, तर ती म्हण राहत नाही, भिंतीवरची धमकी होते.

आणि एवढ्यानेही गोष्ट पुरी होत नाही. सारा वेळ पैसाच असता, तर लोखंड्यांनी रविवारची सुटी न मागता रविवारची दुप्पट मजुरी मागितली असती. त्यांनी सुटी मागितली. १८५५ साली जोतीरावांनी पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, ती दिवसभर राबलेल्या माणसाजवळ संध्याकाळी थोडा वेळ उरावा आणि त्याचे ज्ञान व्हावे म्हणून. फ्रँकलिन यांनी बेचाळिसाव्या वर्षी जे विकत घेतले, तेच या माणसांना हवे होते. कामाच्या तासाचा पूर्ण दाम मिळावा, आणि कामाबाहेरच्या तासाला कोणी दाम लावू नये, या दोन मागण्या एकाच चळवळीच्या आहेत.

जाता जाता आमच्या त्या पंधरा मिनिटांचे काय झाले ते सांगतो. सहा वर्षे पत्रव्यवहार, बैठका आणि एक लहानसा संप झाल्यावर यंत्र पुसण्याचा वेळ पाळीच्या आत धरला गेला. भोंगा झाला की फडके ठेवून बाहेर पडता येऊ लागले. पहिल्या दिवशी आम्ही फाटकाबाहेर आलो तेव्हा वाचनालय अजून उघडे होते. त्याआधी ते नेहमी बंद झालेले असे. फ्रँकलिन यांचे आत्मचरित्र आम्ही प्रथम वाचले ते त्याच पंधरा मिनिटांत, रोज थोडी पाने, उभ्याने.